पिल्लू गाडीमागं पळवलं की वेगवान होतं?

‘कारवान जातीच्या शिकारी कुत्र्याचं पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रोज मोटारसायकलमागं पळवा, नाहीतर मोठेपणी पळत नाही.’ लातूर-धाराशिवकडं हा सल्ला जुना आहे, देणाराही मायेनंच देतो. पण तो खरा नाही.

पळणं या जातीच्या रक्तातच आहे, अंगानं उंच पाय आणि खोल छाती. पिल्लाच्या लांब हाडांची टोकं मात्र कोवळी, कुर्चेची असतात. मोठ्या जातींत ती पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर डांबरी रस्त्यावर रोज एकसारखं पळवलं तर तिथं इजा होऊन पाय वाकडा वाढू शकतो.

पडताळा सोपा आहे. कुंपणाच्या वावरात पिल्लू मोकळं सोडा अन् बांधावर बसून बघा. दोन-चार गिरक्या, माती उकरणं, मग बोरीच्या सावलीत जीभ काढून आडवं. थांबायचं कधी, ते त्याचं त्याला कळतं. गाडीमागं ते थांबत नाही. मालक निघून चालला, एवढंच त्याला दिसतं.

कुंपण नसेल तर लांब दोरी, तीही गळ्याला नको, छातीच्या पट्ट्याला. ही जात नजरेनं पाठलाग करते. ससा दिसला की हाक ऐकू येत नाही, आणि आपल्याकडं बिनकठड्याच्या विहिरी काय कमी आहेत! उन्हाळ्यात तळहाताची मागची बाजू जमिनीला लावून सात आकडे मोजा. चटका बसला तर पिल्लू घरीच बरं.