अचलपूर रेल्वे स्थानक

अचलपूर रेल्वे स्थानक हे अमरावती जिल्ह्यातील, आता बंद पडलेले नॅरोगेज (अरुंद रुळांचे) स्थानक आहे. मूर्तिजापूरहून निघालेला ७६ किलोमीटरचा लोहमार्ग इथे संपत असे. पुढे सातपुड्याचे डोंगर, त्यामुळे रूळ नव्हतेच. मेळघाटातल्या चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल, धारणी या बाजूला जाणाऱ्याला इथे उतरून शेजारच्या परतवाड्याहून एस.टी. धरावी लागे. आगगाडी आणि मोटार यांची गाठ घालून देणे हेच या स्थानकाचे खरे काम होते.

मार्ग बांधला तो प्रवाशांसाठी नव्हे, कापसासाठी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. अंजनगाव सुर्जी, दर्यापूर या भागातल्या कापसाच्या गाठी अडीच फुटी रुळांवरून मूर्तिजापूरला जात. तिथे त्या उतरवून रुंद रुळांवरच्या मोठ्या गाडीत भरत आणि मग मुंबईला पाठवत. माणसांनाही तीच उतरचढ करावी लागे. धारणीकडून मुंबईला निघालेला माणूस अचलपूरला मोटारीतून लहान गाडीत बसे आणि मूर्तिजापूरला लहान गाडीतून मोठ्या गाडीत.

लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले आणि तेच नाव राहिले. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. एका इंजिनाने सत्तर वर्षे ओढलेली गाडी वऱ्हाडाला आपल्या घरचीच वाटली, यात नवल नाही. शेवटच्या काळात रेल्वेचे कर्मचारी इतके थोडे उरले, की गाडीवरचीच माणसे उतरून रस्त्यावरचे फाटक लावत आणि गार्ड तिकिटे देई. तिकीट स्वस्त होते. शेतमजूर, बाजाराला निघालेल्या बाया आणि पानपिंपरी या औषधी पिकाची पोती नेणारे शेतकरी यांचा आधार हीच गाडी होती.

स्थानक ओस पडले ते रस्त्यामुळे. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही रूळ खासगी कंपनीचे आणि गाडी सरकारची, अशी व्यवस्था चालू राहिली. त्यामुळे मार्गाच्या डागडुजीवर पैसा खर्च झाला नाही. डिझेल इंजिन आले तरी जुन्या रुळांवर वेग वाढला नाही, ७६ किलोमीटरला सुमारे चार तास लागतच राहिले. तोवर एस.टी. गावोगाव पोचली होती. तिला मूर्तिजापूरचा फेराही नको आणि गाडी बदलणेही नको. विद्यार्थी आणि नोकरदार आधी तिकडे वळले.

२०१६ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज (रुंद रुळांचा) करण्याची घोषणा झाली. २०१९ च्या सुमारास अचलपूरची गाडी थांबली. मार्ग पुन्हा सुरू करा, ही अचलपूर, अंजनगाव आणि दर्यापूरकरांची मागणी रास्त आहे, कारण या पट्ट्याला दुसरी रेल्वे नाही. आज परतवाड्याचा प्रवासी एस.टी.ने अमरावती गाठतो आणि बडनेऱ्याला मोठ्या गाडीत बसतो.