वेढे वाढवले की चुंबक वाढतं?

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत विद्युतचुंबक (लोखंडी बोल्टवर तार गुंडाळून सेलला जोडली की होणारं चुंबक) करणाऱ्यांमध्ये हमखास फिरणारा सल्ला: 'तार जितकी बारीक, तितके वेढे जास्त आणि तितकं चुंबक जोरदार.'

यात अर्धं खरं आहे. प्रवाह तेवढाच राहिला तर वेढ्यांनी जोर वाढतो. पण सेल तोच असताना प्रवाह तेवढा राहत नाही.

२८ गेजची (एसडब्ल्यूजी, म्हणजे तारेच्या जाडीचं माप; आकडा मोठा तितकी तार बारीक) तांब्याची तार घ्या. जाडी ०.३७६ मिमी, रोध मीटरला साधारण ०.१५५ ओहम. बोल्टवर एका वेढ्याला ३ सेंमी तार लागते असं धरू. २०० वेढे म्हणजे ६ मीटर, ०.९३ ओहम, दीड व्होल्टवर प्रवाह १.६ अँपिअर. ४०० वेढे दिले की रोध दुप्पट, प्रवाह ०.८. वेढे गुणिले प्रवाह (चुंबकाचा जोर यावरच ठरतो) दोन्हीकडे ३२०च! सेल कमी तापतो, जास्त टिकतो, एवढाच काय तो फायदा. (सेलचा अंतर्गत रोध इथे सोडून दिलाय.) ३६ गेज वापरलीत तर रोध जवळपास चौपट, म्हणजे जोर उलट घटतो.

पडताळायचं तर आधी गेज तपासा. रिवाइंडिंगच्या दुकानातल्या सुट्या तारेला लेबल असतंच असं नाही. पेन्सिलीवर २० वेढे अगदी चिकटून द्या, पट्टीने रुंदी मोजून २०ने भागा. एकूण रुंदी ८ मिमीच्या, म्हणजे एका वेढ्याची ०.४ मिमीच्या आसपास आली तर २८ गेज. वरचा जरासा फरक एनॅमलचा, म्हणजे तारेवरच्या वीजरोधक लेपाचा. मग टोकं सँडपेपरने खरवडून (हे राहिलं तर काहीच चालणार नाही) मल्टिमीटरने प्रवाह मोजा आणि टाचण्या उचलून बघा.