घंटागाडी सातला, नोटिफिकेशन दुपारी दोनला

माझा भाचा जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट म्हणून त्याने कचऱ्याचं अ‍ॅप बनवलंय, लोकांनी सुका कचरा वेगळा ठेवावा, रिसायकलिंगला द्यावा म्हणून. पहिलं व्हर्जन त्याने आईच्याच मोबाईलमध्ये टाकलं. रोज दुपारी दोनला मोबाईल वाजायचा, "आज तुम्ही पृथ्वी वाचवली का?" ताई म्हणे, अरे घंटागाडी येते सकाळी सातला, तेव्हा मी भाकरी थापत असते, हात पिठाचे, अन् हा मला दुपारी विचारतो. चौथ्या दिवशी तिने नोटिफिकेशनच बंद करून टाकलं.

हसू येतं, पण अ‍ॅपवाल्यांची खरी परीक्षा इथेच असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक बी. जे. फॉग यांनी 2009 मध्ये एक साधं मॉडेल मांडलं, की माणसाच्या हातून काही घडायचं तर इच्छा, सोपेपणा आणि वेळेवर कोणीतरी मारलेली हाक हे तिन्ही एकाच वेळी जमून यावं लागतं. आता इच्छेचं म्हणाल तर आपल्याकडे रद्दी, तेलाचे डबे, ठिबकच्या जुन्या नळ्या कोणी फेकतं का? किलोवर भंगारवाल्याकडे जातात, त्यासाठी कोणाला अ‍ॅप लागलं नाही. हाकही आहे, घंटा वाजते. अडतं ते सोपेपणात. हातात दह्याचा रिकामा डबा असतो, गाडी दारात असते आणि कळत नाही की हे कशात टाकू.

भाच्याचं म्हणणं, फोटो काढायचा, अ‍ॅप सांगेल. कॅमेऱ्यातलं चित्र म्हणजे मोबाईलसाठी नुसते आकडे, हजारो फोटो दाखवून त्याला शिकवलेलं असतं की असे आकडे दिसले तर बहुतेक बाटली, तसे दिसले तर बहुतेक डबा. पण मोबाईल आकार ओळखतो, प्लॅस्टिक नाही ओळखत. पीपी आणि एचडीपीई ही प्लॅस्टिकची दोन वेगळी जातकुळी, पण पीपीचा डबा आणि एचडीपीईचा डबा फोटोत जुळे भाऊ. मोठ्या प्लांटमधली मशीन इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकून फरक ओळखतात, आणि तिथेही काळं प्लॅस्टिक चकवतं कारण त्यातला कार्बन तो प्रकाशच गिळून टाकतो. ठिबकच्या नळीला उन्हापासून वाचवतो तो हाच कार्बन.

मग मी त्याला म्हटलं, मोबाईलला जमत नाही ते ताईच्या हाताला विचार ना. दुसऱ्या व्हर्जनमध्ये अ‍ॅपची खात्री नसली की ते प्रश्न विचारतं. पिशवी चुरगाळून बघा, कुरकुर वाजली की मऊ राहिली? दुधाची पिशवी एलडीपीई नावाच्या मऊ प्लॅस्टिकची, ती मऊ राहते. वेफर्सचं पाकीट मुठीत दाबून सोडलं की परत फुलतं, त्यात प्लॅस्टिकचे थर आणि धातूचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही म्हणून भंगारवाला हात लावत नाही.

आणि पाण्याची गंमत तर ताईला इतकी आवडली की तिने शेजारणींना दाखवली. पाण्याच्या बाटलीचा छोटा तुकडा आणि तिच्या झाकणाचा छोटा तुकडा पाण्यात टाकायचा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालायचा म्हणजे हवेचे बुडबुडे धरून राहत नाहीत. झाकण तरंगतं, बाटली बुडते. बाटली पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची, घनता पाण्याच्या सुमारे 1.38 पट, झाकण पीपी नाहीतर एचडीपीईचं, पाण्यापेक्षा हलकं. रिसायकलिंगवालेही चुरा करून हौदात असाच वेगळा काढतात. पण पाइपांचं प्लॅस्टिक, पीव्हीसी, तेसुद्धा बुडतं, आणि पेट वितळवायला 250 अंशांच्या वर जावं लागतं, तेवढ्यात पीव्हीसी जळून आम्ल सोडतं, थोडंसं मिसळलं तरी माल पिवळा पडतो. म्हणून जळगावच्या प्लॅस्टिकच्या चटया बनवणाऱ्यालाही पीपीचा दाणा हवा तर पीपीचाच हवा, खिचडी नको.

पॉइंट आणि बक्षिसं मात्र त्याने हट्टाने ठेवली होती. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायचे पैसे दिले, पैसे बंद झाल्यावर मुलांचा रसही कमी झाला, आधी होता त्याहून. हॉटेलमधल्या टॉवेलचा 2008 चा प्रयोग मला जास्त पटतो. पर्यावरण वाचवा म्हणण्यापेक्षा "इथले बहुतेक पाहुणे टॉवेल परत वापरतात" एवढं लिहिल्यावर जास्त लोकांनी वापरला. म्हणून आता अ‍ॅप गल्लीत किती जणांनी कचरा वेगळा दिला याचा हिशोब दाखवतं, खोटा आकडा न घालता.

सगळ्यात उपयोगी सूचना तर एका ओळीची निघाली: दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही, थेट गटारात जातो.

शेतकऱ्यांसाठीचा भाग अजून अडलाय. मल्चिंग पेपर, पिकाभोवती मातीवर अंथरतात तो, नाव पेपर पण आहे प्लॅस्टिक, 25-30 मायक्रॉनचं, उपटलं की फाटतं आणि मातीसकट येतं, किलोला अर्धी माती. तिथे भाच्याने सध्या बटनावर सरळ लिहिलंय, "झटकून आणा, तरी घेतीलच असं नाही". ताईच्या मोबाईलवर आता आवाज सकाळी पावणेसातला येतो, अहिराणीत, भाच्याच्या आजीचा, "गाडी उनी!"