मुदतपूर्व जुळी व तिळी : नवजात अतिदक्षता विभागातील संगोपन

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेली जुळी, तिळी किंवा त्याहून अधिक अपत्ये रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात असताना आईवडील व कुटुंबीय यांनी करावयाचे त्यांचे संगोपन. बोलीभाषेत अशा मुलांना सातमाशी, आठमाशी किंवा अपुऱ्या दिवसांची म्हणतात आणि ती ‘पेटीत’ अथवा ‘काचेत’ ठेवली आहेत असे सांगतात. आज यांतील बरीच बाळे प्रत्यक्षात बंद पेटीत नसून वरून उष्णता देणाऱ्या उघड्या वॉर्मरवर असतात. श्वसनसाहाय्य, जंतुसंसर्ग इ. वैद्यकीय बाजूंचा येथे गरजेपुरताच उल्लेख केला आहे.

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक आणि तिळ्यांपैकी बहुतेक सर्व मुदतीपूर्वी जन्मतात. तिळ्यांची गर्भावस्था सरासरी ३२ आठवड्यांच्या आसपास संपते. साधारण ८९ प्रसूतींमागे एक जुळे हे हेलिनचे सूत्र (१८९५) वंध्यत्वोपचारांच्या प्रसारानंतर केवळ ऐतिहासिक महत्त्वाचे उरले आहे. नैसर्गिक प्रमाणही सर्वत्र सारखे नाही व नायजेरियातील योरुबा समाजात ते फार मोठे आढळते. दोन्ही गर्भ एकाच वारेवर वाढत असतील तर १० ते १५ टक्के गर्भारपणांत एकाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागते आणि एक बाळ फिकट व लहान, तर दुसरे लालबुंद व मोठे निपजते. त्यामुळे एकाच दिवशी जन्मलेल्या भावंडांची प्रकृती पहिल्या दिवसापासून दोन वाटांनी जाऊ शकते. पालकांच्या अडचणींचा मोठा भाग यातूनच येतो.

आठव्या महिन्याची समजूत : सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत महाराष्ट्रात आजही ऐकू येते. तिला जुना शास्त्राधार आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या महिन्यात ओज (शरीरातील प्राणशक्तीचे सार) माता व गर्भ यांच्यात ये-जा करते, म्हणून त्या महिन्यातील जन्म संकटाचा मानला आहे. सुश्रुत व वाग्भट यांचेही मत याच अंगाने जाते. ग्रीक वैद्यकातही हिपॉक्राटीझच्या नावावरील लेखनात आठमाशी मुलावर स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्ही परंपरांत ही कल्पना एकीकडून दुसरीकडे गेली की स्वतंत्रपणे उपजली, याबद्दल मतभेद आहेत. महिन्यांची मोजणी दोन्हीकडे सैल असल्याने स्वतंत्र उगमाचे मत अधिक सयुक्तिक वाटते. आधुनिक अनुभव मात्र सरळ आहे : गर्भाशयात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्यागणिक जगण्याची शक्यता वाढते. जुळ्यांच्या बाबतीत या समजुतीचा त्रास असा, की ३३–३४ आठवड्यांच्या, म्हणजे तुलनेने सुस्थितीतील बाळांच्या आईला घरातली वडीलधारी माणसे उगाच घोर लावतात.

उबपेटीचा उगम : पहिली उबपेटी कोणाची, हा वैद्यकेतिहासातील जुना वाद आहे. सेंट पीटर्झबर्ग येथे योहान गेओर्ग फॉन र्‍यूल याने १८३५ च्या सुमारास दुहेरी भिंतीचे, मध्ये गरम पाणी खेळवलेले टब वापरले असे म्हणतात. बॉर्दो येथील दनुसे याने १८५७ मध्ये तशाच टबचे वर्णन प्रसिद्ध केले. लाइपसिक येथील क्रेडे याने आपले टब १८८४ मध्ये प्रसिद्धीस आणले, पण ते आपण १८६० च्या दशकापासून वापरीत असल्याचे सांगून अग्रहक्क मागितला. दरम्यान पॅरिसमधील मातेर्निते रुग्णालयात स्तेफान तार्निए याने १८८० मध्ये (काहींच्या मते १८८१) बंद पेटी बसवली होती. प्राणिसंग्रहालयातील कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून त्याने ते बनविणाऱ्या ओदील मार्तँ याच्याकडूनच ती करवून घेतली. प्रसिद्धीचा दिनांक प्रमाण मानला तर मान दनुसेकडे जातो. परंतु र्‍यूल, दनुसे व क्रेडे यांची साधने मुळात उघडी ऊबदार न्हाणीच होत. बाळाभोवतीची हवाच तापवणारे बंद उपकरण तार्निएचे. म्हणून आधुनिक उबपेटीची वंशावळ त्याच्यापासून मोजणे इष्ट. त्याचा सहकारी ओव्हार याने १८८३ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. जुळ्यांच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही, की तार्निएची पहिली पेटी एका वेळी अनेक बाळे मावतील एवढी मोठी होती. एका बाळापुरती लहान पेटी नंतर आली आणि तीच रूढ झाली. गांधारीच्या तुपाच्या कुंभांचा या संदर्भात हौसेने दाखला दिला जातो. वैद्यकेतिहासात त्याला जागा नाही.

पालकांचे बाहेर जाणे : तार्निएचा उत्तराधिकारी प्येर ब्यूदँ आईला या व्यवस्थेत मध्यवर्ती मानीत असे. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्याने नोंदवले, की ज्या आयांना बाळाचे काहीच करावे लागत नाही त्यांची ओढ आटते व काही जणी मुलाला सोडून देतात. स्तनपान चालू ठेवण्यावर त्याचा भर होता. हा धागा पुढे तुटला. मार्टिन कूनी याने १८९६ मध्ये बर्लिनला व १९०३ ते १९४३ या काळात न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर तिकीट लावून पेट्यांतील बाळांची प्रदर्शने भरवली. आपण ब्यूदँचे शिष्य असल्याचा त्याचा दावा आजचे अभ्यासक मानत नाहीत, पण त्याने पालकांकडून पैसे न घेता हजारो बाळे जगवली हेही खरे. रुग्णालयांतून जंतुसंसर्गाच्या भीतीने आईवडिलांना काचेबाहेर उभे करण्याची रीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घट्ट झाली.

या वियोगाचे टोकाचे उदाहरण अनेकगर्भीय बाळांचेच आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २८ मे १९३४ रोजी एल्झीर द्यॉन हिला सुमारे दोन महिने आधी पाच मुली झाल्या. पाचींचे मिळून वजन जेमतेम सहा किलो होते. घरात वीज नसल्याने गरम पाण्यावर चालणारी जुनी पेटी मागवावी लागली आणि दान केलेले मातेचे दूध बाहेरगावाहून आणले गेले. मुली जगल्या, त्याआधी पाचही मुले जगल्याची नोंद नाही. पुढच्याच वर्षी प्रांतिक शासनाने कायदा करून त्यांचा ताबा घेतला व घरासमोरच उभारलेल्या इमारतीत प्रेक्षकांपुढे त्यांना वाढवले. आईवडील रस्त्यापलीकडे राहत आणि पाहुण्यांसारखे येत. मुली १९४३ मध्ये घरी परतल्या. तेव्हा हयात असलेल्या तिघींना १९९८ मध्ये शासनाने ४० लाख डॉलर भरपाई दिली.

१९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे मातांना विभागात येऊन बाळाला हात लावू देण्याचे प्रयोग झाले व संसर्ग वाढत नसल्याचे दिसले. एस्टोनियातील तालिन येथे आदिक लेव्हिन याने १९७९ पासून आईला बाळाबरोबरच दाखल करून घेण्यास सुरुवात केली.

कांगारू पद्धत : बाळाला आईच्या उघड्या छातीवर बांधून ऊब देण्याची ही पद्धत कोलंबियातील बोगोटा येथील माता-शिशू संस्थेत एद्गार रेय याने सुरू केली. वर्ष १९७८ की १९७९ याबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. कल्पना व आरंभ १९७८ चा आणि एक्तोर मार्तीनेस याच्या सहभागाने विस्तार १९७९ चा, असे मानल्यास दोन्ही तारखा जुळतात. कारण व्यावहारिक होते. पेट्या अपुऱ्या, एका पेटीत दोन-तीन बाळे, त्यातून संसर्ग. आरंभीच्या यशाच्या आकड्यांवर १९८५ मध्ये ब्रिटिश निरीक्षकांनी आक्षेप घेतला, की पहिल्या दिवसांत दगावलेली बाळे त्यांत मोजलेलीच नाहीत. आक्षेप रास्त होता. निर्णायक पुरावा २०२१ मध्ये आला : भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांच्या अभ्यासात जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केलेल्यांत २८ दिवसांतील मृत्यू १२ टक्के, तर इतरांत १५.७ टक्के आढळले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना ती जन्मापासून, दिवसाला ८ ते २४ तास द्यावी असे सांगते. महाराष्ट्रात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून या पद्धतीचा प्रसार व अभ्यास झाला.

बाळाला लंगोट, टोपी व मोजे एवढेच घालून आईच्या उघड्या छातीवर उभे, पाय बेडकासारखे दुमडून व मान एका बाजूला किंचित मागे ठेवून बांधतात. जुळी असल्यास दोघे छातीच्या दोन बाजूंना एकमेकांकडे तोंड करून मावतात. मात्र नळ्या व तारा सांभाळून बाळे उचलून देण्यास दोन माणसे लागतात. सिझेरियन झालेल्या आईला पहिले काही दिवस हे झेपत नाही. तेव्हा एक बाळ वडिलांकडे, आजीकडे किंवा मावशीकडे देतात. सार्वजनिक रुग्णालयांच्या स्त्री-विभागात पुरुषाला प्रवेश नसणे ही यातली जुनी अडचण. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातील अनुभवावरून केंद्र शासनाने २०१७ मध्ये कुटुंब-सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तरी अंमलबजावणी विभागप्रमुखाच्या मर्जीवर बरीच अवलंबून दिसते.

दूध : ‘दोघांना पुरेल का’ हा पहिला प्रश्न असतो. सुरुवातीला तो अनाठायी आहे. एक-सव्वा किलोच्या बाळाला पहिल्या दिवसांत दर दोन तासांनी नळीवाटे एक-दोन मिलिलिटर दूध देतात. म्हणजे दोघांची मिळून एका वेळची गरज छोट्या चमच्यातही मावते. पूर्ण आहारावर आल्यावर किलोमागे दिवसाला सुमारे १६० मिलि. धरले, तर सव्वा-सव्वा किलोच्या जुळ्यांना ४०० मिलि. लागते. पूर्ण दिवसांचे एकच बाळ महिन्याभरात याच्या दीडपटीहून अधिक पिते. खरी ओढाताण नंतर, वजने दुप्पट झाल्यावर येते, आणि तेव्हा दूध असावे यासाठी पहिल्या आठवड्यातच दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा दूध काढावे लागते. बाळे समोर नसताना, टाके दुखत असताना मध्यरात्री उठून हे करणे सोपे नाही. आळीव व डिंकाचे लाडू आईला पोषण देतात, पण दूध वाढते ते वारंवार काढल्याने. पहिला चीक थेंबभर असला तरी तो दोन्ही बाळांच्या गालांच्या आतून लावतात. आईचे दूध कमी पडल्यास दुग्धपेढीचे, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध वापरतात. आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केली.

चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांत बसतो. त्याआधी नळी, नंतर वाटी-चमचा किंवा बोंडले व शेवटी अंगावर, असा क्रम असतो. जुळ्यांपैकी एक बोंडल्यावर आणि दुसरे नळीवर अशी स्थिती आठवडाभरही राहू शकते.

एकत्र निजवणे : अमेरिकेत १९९५ मध्ये एकाच पेटीत ठेवलेल्या जुळ्या मुलींचे, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर असलेले छायाचित्र जगभर गाजले आणि जुळ्यांना एकत्र निजवण्याची टूम निघाली. त्यातून लाभ होतो असे म्हणण्याजोगा पुरावा पुढील परीक्षणांत मिळाला नाही. औषध चुकीच्या बाळाला जाणे, संसर्ग व घरी गुदमरण्याचा धोका यांमुळे तज्ज्ञांचा कल आज विरोधाकडे आहे. छायाचित्राची मोहिनी मात्र टिकून आहे.

दोन निरनिराळ्या वाटा : विभागात बाळे ‘ट्विन वन’, ‘ट्विन टू’ अशा पट्ट्यांनी ओळखली जातात, पट्टी वाचल्याशिवाय परिचारिकेने काहीही द्यायचे नसते. पालकांचे लक्ष साहजिकच अधिक आजारी बाळाकडे जाते, आणि बऱ्या असलेल्याकडे दुर्लक्ष झाल्याची टोचणी त्यांना लागते. म्हणून काही विभाग डॉक्टरांचे सांगणे दोन्ही बाळांसाठी वेगवेगळ्या वेळी ठेवतात. नेत्रतपासणी ३४ आठवड्यांच्या आतील किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची, जन्मापासून ३० दिवसांच्या आत करतात. एकाचे डोळे निर्दोष निघाले म्हणून दुसऱ्याची टाळता येत नाही.

सुट्टीही एकत्र मिळेलच असे नाही. तापमान टिकणे, श्वास न थांबणे, तोंडाने दूध घेणे आणि रोज किलोमागे १० ते १५ ग्रॅम वजन वाढणे या कसोट्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे पार करायच्या असतात. एक घरी व दुसरे विभागात, हा काळ आईला सर्वांत जड जातो. घरच्या बाळाला घेऊन विभागात येता येत नाही, त्याला सोडून आले तर त्याचे दूध तुटते. जागा असल्यास बऱ्या बाळाला आईबरोबर लगतच्या कक्षात आणखी काही दिवस ठेवणे हा उपाय उत्तम.

एक बाळ दगावल्यास शोक व दुसऱ्याची शुश्रूषा एकाच वेळी करावी लागते. ‘एक तरी आहे ना’ हे सांत्वन पालकांना बोचते. ब्रिटनमधील काही रुग्णालयांत अशा वाचलेल्या बाळाच्या पेटीवर जांभळ्या फुलपाखराची खूण लावतात, म्हणजे इतर पालक नकळत काही बोलून जात नाहीत.

लोकाचार : सव्वा महिना बाळंतिणीने बाहेर पडू नये हा दंडक आणि विभागातील रोजची हजेरी यांचा मेळ बसत नाही, बहुतेक घरांत दंडकच मागे पडतो. बारसे दोन्ही बाळे घरी येईपर्यंत लांबवतात. तेल-मालिश वैद्यांच्या अनुमतीशिवाय करीत नाहीत.

शासकीय व्यवस्था : जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात कक्षांचा नमुना पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ मध्ये सुरू झालेल्या कक्षावरून घेतला आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११) आजारी नवजात बाळाचे शासकीय रुग्णालयातील उपचार व ने-आण निःशुल्क आहेत. खासगी रुग्णालयात मात्र प्रत्येक बाळाचे देयक वेगळे असते. घरी सोडल्यावर आशा कार्यकर्तीच्या भेटी होतात. या गृहाधारित पद्धतीचा पाया अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत घातला व तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे दोन वर्षांपर्यंत मान धरणे, बसणे, बोलणे यांचा हिशेब मूळ अपेक्षित प्रसूतितारखेपासून मांडतात. लसी मात्र सामान्यतः जन्मतारखेपासून मोजून देतात.