मिनामाता रोग

मिनामाता रोग : जपानमधील क्यूशू बेटावर, कुमामोतो प्रांतातील मिनामाता या किनारी गावात कारखान्याच्या सांडपाण्यामुळे उद्भवलेली पारदविषबाधा. चिस्सो कंपनीच्या तेथील कारखान्यात 1932 ते 1968 या काळात ॲसिटाल्डिहाइड या रसायनाचे उत्पादन होत असे. त्यात उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या पाऱ्यापासून अल्प प्रमाणात मेथिल पारा हे पाऱ्याचे विषारी संयुग तयार होई आणि ते सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. मासे व शिंपल्यांत ते साठत गेले आणि रोज तेच खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्या मेंदूपर्यंत पोहोचले. हातापायांना बधिरता येणे, दृष्टीचे क्षेत्र आकसणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे ही रोगाची लक्षणे होत. हे विष गर्भाशयातील वार ओलांडून गर्भापर्यंत जात असल्याने, स्वतःला फारसा त्रास न झालेल्या मातांच्या पोटीही गंभीर अपंगत्व असलेली मुले जन्माला आली.

कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी 1 मे 1956 रोजी या अनाकलनीय आजाराची माहिती आरोग्य कार्यालयाला दिली. आधी साथीचा संशय आल्याने रुग्णांच्या घरांवर जंतुनाशके फवारली गेली आणि शेजाऱ्यांनी त्यांच्याशी संबंध तोडले. 1959 मध्ये होसोकावांनी सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजराला खाऊ घातले, तेव्हा त्यातही तीच लक्षणे दिसली. कंपनीने मात्र हा निष्कर्ष दडवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने रुग्णांशी ‘सहानुभूती निधी’चा करार केला. मृत्यूसाठी 3 लाख येन देताना त्यात अशी अट घातली होती, की पुढे कारखाना दोषी ठरला तरी रुग्णांनी आणखी भरपाई मागू नये. गरजेने हतबल झालेल्यांकडून घेतलेली ही संमती संमती म्हणण्याच्या योग्यतेची नव्हती. कुमामोतो जिल्हा न्यायालयानेही 20 मार्च 1973 च्या निकालात हा करार सार्वजनिक नीतीविरुद्ध म्हणून रद्द ठरवला आणि कंपनीला जबाबदार धरले. सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले ते 1968 मध्ये, म्हणजे ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन थांबल्यानंतर. तोवर 1965 मध्ये जपानमधीलच नीगाता येथे, दुसऱ्या कंपनीच्या सांडपाण्यामुळे, हाच रोग पुन्हा उद्भवला होता.

त्यानंतरचा लढा मुख्यतः रुग्ण कोणाला म्हणायचे, या प्रश्नावर झाला. भरपाईसाठी सरकारी मान्यतापत्र लागे, आणि 1977 च्या निकषांनुसार अनेक लक्षणे एकत्र आढळणे आवश्यक ठरल्याने केवळ बधिरता असलेले असंख्य अर्जदार वगळले गेले. प्रदूषण रोखण्यात कसूर केल्याबद्दल राष्ट्रीय व प्रांतिक सरकारही दोषी असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये दिला. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2013 मध्ये मिनामाताच्याच नावाने झाला आणि 2017 मध्ये अमलात आला. ओसाका जिल्हा न्यायालयाने 2023 मध्ये एका दाव्यातील सर्व 128 वादींना रुग्ण म्हणून मान्यता दिली. पुढच्याच वर्षी कुमामोतोच्या न्यायालयाने मात्र काही वादींना हा रोग असल्याचे मान्य करूनही, दाव्याची मुदत उलटल्याच्या कारणावरून त्यांना भरपाई नाकारली.