आस आणि प्रभार: मायक्रोपोरस फिल्म वेगळी, आयन-एक्सचेंज मेम्ब्रेन वेगळी

दोन्ही पातळ, दोन्ही पॉलिमरच्या, दोन्हींतून आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले कण, जातात. म्हणून खाडीच्या पाण्यावर काम करताना एकीच्या जागी दुसरी लावली जाऊ शकते.

मायक्रोपोरस फिल्म म्हणजे मासेमारीच्या जाळ्याचा आस, जाळ्याच्या छिद्राचं माप. मोठं अडतं, लहान सुटतं. पीआयएम-1 ही अशाच फिल्मचं पॉलिमर; त्याच्या साखळ्या ताठ आणि वाकड्या असल्याने एकमेकींत नीट बसत नाहीत. मधे 2 नॅनोमीटरहून लहान पोकळ्या उरतात. बॅटरीचा सेपरेटर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला पडदा, तोही ‘मायक्रोपोरस’ म्हणूनच विकतात, पण त्याची छिद्रं दहा-दहा नॅनोमीटरच्या घरातली. पाण्याचं कवच धरलेला सोडियम जेमतेम 0.7 नॅनोमीटरचा, त्याला तिथे कोण अडवणार?

नॅफिऑन ही आयन-एक्सचेंज मेम्ब्रेन; तिचं काम आसावर चालत नाही. तिच्या सल्फोनेट गटांवर कायमचा ऋण प्रभार असतो, त्यामुळे सोडियम आत जातो आणि क्लोराइड बाहेर ढकललं जातं. मात्र बाहेर मीठ वाढलं की हा धाक कमी होतो. श्रावणात गोडसर खाडीत चोख वागणारी मेम्ब्रेन वैशाखातल्या खाऱ्या पाण्यात थोडं क्लोराइड सोडतेच.

ओळखायचं कसं? एका बाजूला 0.1, दुसऱ्या बाजूला 0.5 मोलर पोटॅशियम क्लोराइड, तापमान 25 अंश, दोन्हीकडे ढवळणं चालू. पोटॅशियम क्लोराइड (केसीएल) ब्रिजचे दोन सारखे रेफरन्स इलेक्ट्रोड लावा आणि त्यांच्यातला व्होल्टेज मोजा. पूर्ण निवडक, म्हणजे एकाच प्रभाराचे आयन सोडणारी, मेम्ब्रेन सुमारे 37 मिलिव्होल्ट देते, प्रभार नसलेली फिल्म जवळपास शून्य. साधं मीठ घेऊ नका: त्यातला सोडियम हा क्लोराइडच्या मानाने हळू चालतो, त्यामुळे निव्वळ छिद्रांची फिल्मही 8 मिलिव्होल्ट दाखवते. रेफरन्स इलेक्ट्रोडऐवजी सिल्व्हर क्लोराइडची उघडी तार तर त्याहून फसवी. ती स्वतःचेच 37 मिसळते आणि साधी फिल्म निवडक भासते.

पीआयएम-1 कोरडीच पाण्यात टाकली तर विद्युतरोध प्रचंड येतो. आयन अडले असं वाटतं. खरं तर पोकळ्यांत हवा अडकलेली असते. आधी इथेनॉलमध्ये भिजवा, मग न सुकवता पाण्यात हलवा.

नॅफिऑनचा रोध खाडीच्या पाण्यात चढला, तर कॅल्शियम-मॅग्नेशियमवर संशय घ्या. ते दुहेरी प्रभाराने सल्फोनेटला घट्ट धरतात. 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून ते काढा. सल्फ्युरिक टाळा, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) बसू शकतं. धुऊन रात्रभर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा, मगच पुन्हा मोजा.