टॉम बॉम्बाडिल नक्की कोण? एका न मिटलेल्या वादाची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२४मध्ये जे. आर. आर. टॉल्किन यांच्या मध्य-पृथ्वी या कल्पित जगावरच्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या वेबमालिकेच्या दुसऱ्या पर्वात टॉम बॉम्बाडिल पडद्यावर आला आणि ठाण्यातल्या आमच्या वाचकमंडळात जुना वाद पुन्हा पेटला. मंडळातले बरेच जण चित्रपट पाहून पुस्तकांकडे वळलेले. २००१च्या चित्रपटात टॉमला अजिबात जागा नव्हती, त्यामुळे पिवळे बूट घालून गाणी म्हणत फिरणारा हा गृहस्थ कोण, असं त्यांनी विचारणं साहजिक होतं. ज्यांनी पुस्तकं आधी वाचली होती त्यांच्याकडे मात्र उत्तरं तयार होती, आणि प्रत्येकाचं वेगळं.

टॉम ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीसाठी घडवलेला नाही. लेखकाच्या मुलाकडे टोपीत पीस खोचलेली एक डच बाहुली होती. थोरल्या भावाला ती आवडायची नाही म्हणून त्याने एकदा ती संडासात कोंबली. ती बाहेर काढावी लागली. त्या बाहुलीवरून टॉम सुचला. १९३४मध्ये त्याच्यावरची कविता ऑक्सफर्डच्या एका नियतकालिकात छापून आली. नदीची लेक गोल्डबेरी, माणूस गिळणारा विलो, थडग्यातलं भूत हे सगळं त्या कवितेत आहे. कादंबरी जिच्याभोवती फिरते त्या, घालणाऱ्याला अदृश्य करणाऱ्या आणि मोहात पाडणाऱ्या अंगठीचा मात्र पत्ता नाही. वीस वर्षांनी कादंबरी आली तेव्हा टॉम हे सगळं बिऱ्हाड घेऊन तिच्यात राहायला आला. माझ्या मते निम्मं गूढ इथेच आहे.

कादंबरीचा नायक फ्रोडो टॉमच्या हातात अंगठी देतो. टॉम ती डोळ्याला लावून आरपार बघतो, करंगळीच्या टोकावर चढवून दिव्यासमोर धरतो, आणि अदृश्य वगैरे काही होत नाही. उलट फ्रोडो अंगठी घालून सटकायला बघतो तेव्हा टॉमला तो स्पष्ट दिसतो. हे कोडं सोडवायला पुढे थिअऱ्या निघाल्या, आणि गंमत अशी की बहुतेक थिअऱ्यांची जन्मतारीख एखाद्या नव्या पुस्तकाच्या तारखेला चिकटलेली आहे.

१९७७मध्ये ‘सिल्मरिलियन’ आलं. त्यातून वाचकांना वालार (थोर दैवतं) आणि मायार (त्यांच्या हाताखालची) ही दैवी उतरंड तपशिलात मिळाली आणि टॉमला तिच्यात बसवायची शर्यत सुरू झाली. मायार म्हणावं, तर गॅन्डाल्फ आणि सारुमान हे जादूगारही मायारच. एक अंगठी स्वतःकडे ठेवायला घाबरतो, दुसरा तिच्यापायी बिघडतो. मग टॉमच कसा सुटला? १९८६मध्ये तत्त्वज्ञानाच्या एका अभ्यासकाने त्याला थेट वालारांतला लोहार आउले ठरवलं. अंगठी घडवणारा सॉरॉन मूळचा आउलेच्या हाताखालचा, तेव्हा शिष्याच्या कारागिरीचा गुरूवर काय परिणाम होणार! युक्तिवाद देखणा आहे. पण अंगठीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या एल्रॉन्डच्या सभेत गॅन्डाल्फ स्पष्ट सांगतो की टॉम अंगठी बदलू शकत नाही, दुसऱ्यांवरची तिची सत्ताही मोडू शकत नाही. आणि सांभाळायला दिलीच तर विसरून जाईल किंवा टाकून देईल. कारागिरांचा देव असा वागेल?

सगळ्यात जास्त घोळ झाला तो ‘देव’ थिअरीचा. टॉम कोण, असं फ्रोडो विचारतो तेव्हा गोल्डबेरी म्हणते, ‘तो आहे.’ बायबलमधल्या देवाच्या ‘मी आहे तो मी आहे’ या उत्तराशी हे जुळतं, म्हणून १९५४मध्येच ऑक्सफर्डच्या एका पुस्तकविक्रेत्याने लेखकाकडे शंका काढली. लेखकाने उत्तरात ती कल्पना खोडली: तुम्ही फारच गंभीर होताय, असा सूर. पण हे पत्र कधी टपालात पडलंच नाही, मसुदाच राहिला. वाचकांपुढे ते १९८१च्या पत्रसंग्रहात आलं. म्हणजे सत्तावीस वर्षं ‘टॉम म्हणजे देव’ म्हणणाऱ्यांना कुणी हटकलं नाही, आणि नंतर हटकलं ते न पाठवलेल्या कागदाने. आमच्याकडे काहींना हा पुरावा निर्णायक वाटतो. मला वाटत नाही, कारण त्याच संग्रहातली पत्रं एका सुरात बोलत नाहीत. १९३७च्या पत्रात टॉम हा ऑक्सफर्ड-बर्कशरच्या लोपत चाललेल्या ग्रामीण परिसराचा आत्मा आहे. १९५४च्या दुसऱ्या पत्रात तो मुद्दाम ठेवलेलं कोडं आहे. सोयीचं पत्र उचलायचं आणि बाकीची झाकायची, हा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो. (टॉम आणि सॉरॉनचा मुख्य सेवक असलेला अंगमारचा राजा कधी एकत्र दिसत नाहीत, म्हणून ते एकच, ही थिअरी थट्टेतली आहे, तिच्यावर वेळ घालवू नये.)

ठाण्यात कोकणातून आलेली घरं पुष्कळ, त्यामुळे आमच्याकडे एक वेगळाच तर्क रुजला: टॉम हा राखणदार आहे. हे रान टॉमच्या मालकीचं का, या प्रश्नाला गोल्डबेरी नाही म्हणते. झाडं-गवत ज्याचं त्याचं, टॉम फक्त धनी, म्हणजे ज्याचा शब्द चालतो असा. राखणदाराचंही तसंच. जमीन त्याच्या नावावर नसते, पण हद्दीत शब्द त्याचाच चालतो आणि हद्दीबाहेर तो जात नाही. गॅन्डाल्फही सांगतो की टॉम आता स्वतःच आखलेल्या सीमेत राहतो. यातून टॉमचं मूळ कळत नाही, हे खरं; वागणं मात्र आउलेपेक्षा नीट कळतं.

मालिकेने त्याला नेमकं हद्दीबाहेर, दूर पूर्वेच्या ऱ्हूनमध्ये नेऊन बसवलं आणि अनोळखी जादूगाराचा मार्गदर्शक केलं. राखणदारवाले त्यावर नाराज आहेत. दुसरी बाजू म्हणते, मालिका दुसऱ्या युगातली, गॅन्डाल्फचं वाक्य तिसऱ्या युगातलं, आणि त्यात ‘आता’ हा शब्द आहे. तेव्हा त्याआधी टॉम कुठेही हिंडला असेल. कालक्रम पाहता हा मुद्दा खोडता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे: कामगिरीवर माणसं धाडणारा टॉम मला पुस्तकात कुठे सापडत नाही.